शून्य म्हणजे यश की अपयश?

परीक्षेत शून्य मिळाले तर घरी काय होते, ते तुम्हांला ठाऊक आहे. पण युनिक्स पद्धतीच्या संगणकात एखादी आज्ञावली (म्हणजे प्रोग्राम) काम संपवून शून्य हा आकडा परत देते, तेव्हा तिला सांगायचे असते, "काम फत्ते!" दुसरा कोणताही आकडा आला तर कुठेतरी बिघडले असे समजावे. या आकड्याला 'रिटर्न कोड' म्हणतात. आपण त्याला 'परतीचा आकडा' म्हणू.

यशासाठी शून्यच का? काम नीट होण्याचा प्रकार एकच असतो, बिघडण्याचे मात्र अनेक. यशाला एक आकडा पुरतो आणि उरलेले आकडे अपयशाच्या निरनिराळ्या कारणांना वाटून देता येतात.

परंतु हा संकेत सर्वत्र सारखा नाही. व्हीएमएस नावाच्या प्रणालीत विषम आकडा म्हणजे यश आणि सम आकडा म्हणजे अपयश. तोच १ एका ठिकाणी शाबासकी, तर दुसऱ्या ठिकाणी तक्रार! सी भाषेत अट तपासताना शून्य म्हणजे 'असत्य' असते. शिवाय युनिक्समध्ये या आकड्याला आठच बिटांची जागा मिळते, म्हणजे ० ते २५५. आता २५६ हा आकडा द्विमान पद्धतीत लिहून पाहा. एकावर आठ शून्ये येतात. नववा बिट गळून पडतो आणि पलीकडे शून्य पोचते. चूक कळवायला निघालेला निरोप 'सर्व ठीक' होऊन पोचतो!

यावरून काय दिसते? एक आज्ञावली सी भाषेत, दुसरी जावात आणि तिसरी पायथनमध्ये लिहिलेली असली, तर त्यांच्यामध्ये आकडा तेवढा प्रवास करतो, अर्थ करत नाही. अर्थ दोघांनी आधी ठरवून घ्यावा लागतो. घरी पावरी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या तोरणमाळच्या मुलांना हे चटकन पटेल.

आता तोरणमाळच्याच नंदुरबार जिल्ह्यातील एक उदाहरण घेऊ. येथील टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. आज रेशन दुकानातील पॉस मशीनवर अंगठा ठेवला, की मागणी मधल्या संगणकांतून आधारच्या केंद्रीय संगणकापर्यंत जाते. या साखळीतील आज्ञावल्या एकाच भाषेत लिहिलेल्या असतील असे नाही. म्हणून निरोपाचा साचा ठरवून दिलेला आहे. तो कोणत्याही भाषेतील आज्ञावलीला वाचता येतो. उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे येते आणि 'नाही'बरोबर कारणाचा आकडा असतो. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही, ९९८ म्हणजे आधार क्रमांक ग्राह्य नाही, ९९९ म्हणजे कारण अज्ञात.

समजा, तोरणमाळजवळच्या एखाद्या पाड्यावरील आजी धान्य घ्यायला आल्या आहेत. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजल्या असतील तर ३०० येईल. तेव्हा दुसरे बोट लावून पाहता येते. डोंगरात नेटवर्क गेले तर मात्र उत्तरच येणार नाही. हे 'नाही' नव्हे, ही नुसती शांतता आहे. मधल्या आज्ञावलीने ही सारी कारणे एकत्र करून पडद्यावर 'अयशस्वी' एवढेच दाखवले, तर दुकानदाराने काय करावे? आणि आजींनी काय समजावे? आधार जुळले नाही एवढ्यावरून कोणाचे धान्य अडवू नये, असे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले होते. ते पाळायचे तर नकाराचे कारण दुकानापर्यंत पोचले पाहिजे.

म्हणून माझे मत असे, की कारण न सांगणारा नकार ही अर्धवट आज्ञावलीची खूण होय. आणि परतीचा आकडा न पाहताच पुढे जाणारी आज्ञावली त्याहूनही वाईट. भौतिकशास्त्राच्या प्रयोगात व्होल्टमीटरने शून्य दाखवले, तर आपण आधी तार सुटली आहे का ते पाहतो. वाचन शून्य येणे आणि वाचनच न होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हीच शिस्त संगणकाच्या तासालाही हवी. आपण मुलांना भाषेचे व्याकरण शिकवतो, पण काम फसले तर ते कसे कळवावे, हे बहुधा शेवटच्या तासासाठी राखून ठेवतो आणि तो तास येतच नाही.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर करून पाहावा. एका गटाने सी भाषेत छोटी आज्ञावली लिहावी, तर दुसऱ्या गटाने पायथनमधून ती चालवून परतीचा आकडा वाचावा. ०, १ आणि २५६ असे तीन आकडे लिनक्स संगणकावर पाठवून पाहा. त्यानंतर दोन्ही गटांनी एकत्र बसून कोणत्या आकड्याचा कोणता अर्थ, याचा तक्ता करावा आणि तो भिंतीवर लावावा. आज्ञावली लिहिण्याची सुरुवात खरे तर त्या तक्त्यापासून व्हायला हवी.