बिनपगारी दोरी

वेड्यांचा प्रश्न चळवळीचा प्रश्न नाही, असं परवा आपल्यातलाच एक शिकलासवरला म्हणाला. मग कुणाचा आहे? बांधलेला माणूस दिसला की दोरी कुणाच्या हातात आहे ते विचारायचं, एवढं तरी आपण शिकलोय ना? की चावणाऱ्या, ओरडणाऱ्या, डोकं आपटणाऱ्या माणसापुरता तो सवाल तहकूब?

६ ऑगस्ट २००१. तामिळनाडूतलं, रामनाथपुरम जिल्ह्यातलं एरवाडी. दर्ग्याच्या आसऱ्यानं तिथं मनोरुग्णांची खाजगी घरं उभी राहिली होती. पहाटे त्यातल्या एकाला आग लागली. आतली माणसं साखळदंडात. २८ मेली. आगीनं मारलं की साखळीनं? मी साखळी म्हणतो. नंतर जो तो अंधश्रद्धेवर बोलला. बरोबर आहे, पण अर्धंच. राज्याचं सरकारी मनोरुग्णालय एकच, तेही चेन्नईत, पाचशे किलोमीटरहून लांब. माणूस नवसापायी तिथं जातो, तसा दुसरी वाट नाही म्हणूनही जातो.

आमच्या वस्तीत एक अक्का आहे. चार घरची धुणीभांडी करते. पोरगा विशीतला, त्याला बोलता येत नाही. स्वतःच्या गालावर बुक्क्या मारतो, धरायला गेलं की चावतो. सकाळी सात ते दुपारी दोन तो खाटेच्या पायाला बांधलेला. एक साहेब तिला म्हणाले, 'बाई, जनावर आहे का ते?' साहेबांच्या खिशात तिची एक दिवसाची मजुरी नव्हती, असं नाही. पुढं पोराला एका दवाखान्यात ठेवलं. तिथंही बांधलाच. इथं नायलॉनची दोरी, तिथं पांढरी पट्टी. पांढऱ्या पट्टीला म्हणं उपचार म्हणतात!

शेवटी एका दाताच्या डॉक्टरनं तोंड उघडून बघितलं. डावी दाढ किडून पोकळ झालेली. बुक्क्याही डाव्याच गालावर. दाढ काढली. मारणं पार थांबलं असं नाही, पण निम्म्यानं उतरलं. एवढी वर्षं तो सांगत होता, आणि आपण त्याचे हात बांधत होतो.

शास्त्रही हेच सांगतं. ब्रायन इवाटा आणि साथीदारांनी बाल्टिमोरमध्ये, स्वतःला इजा करून घेणाऱ्या ९ जणांना वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवून पाहिलं. १९८२ साली ते छापलं. नवांपैकी सहा जणांचं मारणं एका ठराविक परिस्थितीतच वाढत होतं. कुणाला नको ते काम टाळायचं असतं, कुणाला जवळ माणूस हवं असतं. कारण शोधा, मग इलाज. पण कारण शोधायला शेजारी माणूस बसावा लागतो, आणि माणसाला पगार लागतो. दोरी बिनपगारी राबते. सगळी मेख इथंच आहे.

कधी धरावं लागतं, हे मला मान्य आहे. पोरगा काचेत डोकं घालायला निघाला तर मी भाषण देत बसणार नाही. हातानं धरीन, शांत झाला की सोडीन. पण पालथा पाडून पाठीवर बसायचं नाही. श्वास कोंडून माणूस जातो. अमेरिकेतल्या 'हार्टफर्ड कुरंट' दैनिकानं १९९८ साली, मागच्या दहा वर्षांत बांधताना, दाबून धरताना, कोंडताना गेलेले १४२ जीव मोजून छापले.

आता कायदा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. कलम ९५ : साखळी कोणत्याही प्रकारे, कोणत्याही स्वरूपात बंद. कलम ९७ : तातडीची इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तरच बांधायचं, तेही मनोविकारतज्ज्ञाच्या मंजुरीनं, गरजेपुरतंच. शिक्षा म्हणून नाही. आणि कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणावरून तर नाहीच. हे वाक्य पाठ करा दोस्तहो. कारण वॉर्डात गेलात की पहिलं उत्तर हेच मिळतं : 'माणसं नाहीत.' रात्रपाळीचा कंत्राटी पोरगा एकटा. त्याच्यावर दात धरू नका. त्याला एकटा ठेवणाऱ्याला धरा.

कलम १८ तर घरी येऊन सेवा द्यायचंही बोलतं. अक्काच्या दारात अजून कोणी आलेलं नाही. तिला फक्त बंदी पोचली, सेवा पोचली नाही.

तेव्हा कामाला लागा. बांधलं की का, कसं, किती वेळ, हे रुग्णाच्या कागदावर लगेच लिहावं लागतं. घरच्या प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवावं लागतं. दर महिन्याला मंडळाकडं अहवाल जातो. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, चारही ठिकाणी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. नावं मागू नका, आकडे मागा : किती वेळा, किती तास, त्या पाळीला कर्मचारी किती.

आणि वस्तीत सात ते दोन कोण बसणार, हे मी आमच्या बैठकीत विचारलं. सोमवार आणि गुरुवारला नावं आलीत. बाकीचे वार रिकामे आहेत.