पावलांइतकाच लक्षाचाही व्यायाम

म्हातारी माणसे पडतात ती केवळ पायांत बळ उरले नाही म्हणून नव्हे. चालताना कुणी हाक मारते, मान वळते, तेवढ्यात उंबरठा आडवा येतो आणि तोल जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात. तरीही तोलाचा व्यायाम म्हटला की आपण स्नायूंपाशीच थांबतो. पडद्यावरच्या आभासी खेळांचा खरा उपयोग आहे तो इथे, लक्षाला सराव देण्यात. २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत पाच देशांतले, वारंवार पडणारे सुमारे ३०० ज्येष्ठ होते; त्यांत कंपवाताचे रुग्णही पुष्कळ. सगळे आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे ट्रेडमिलवर चालले. निम्म्यांच्या समोर पडदा होता. कॅमेरा पावले टिपायचा, ती पडद्यावर उमटायची, वाटेत डबकी आणि अडथळे यायचे. ते बघायचे, ठरवायचे आणि पाऊल उचलायचे. पुढच्या सहा महिन्यांत या गटातले माणशी पडण्याचे सरासरी प्रमाण ११.९ वेळांवरून ६ वेळांवर आले. नुसते चालणाऱ्यांमध्ये ते १०.७ वरून ८.३ पर्यंतच उतरले. चालणे दोघांचे सारखेच होते, फरक पडला तो लक्षाला मिळालेल्या कामामुळे, असे मला वाटते.

यावर त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीचा दाखला दिला जातो. पक्षाघाताच्या १४१ रुग्णांमध्ये हात सुधारण्यासाठी व्हिडिओ गेम आणि पत्त्यांसारखे साधे खेळ यांची तुलना झाली, तेव्हा दोन्ही सारखेच ठरले. हा आक्षेप रास्त आहे आणि तो मानलाच पाहिजे. पडदा हे औषध नव्हे. रुग्णाची नेमकी अडचण ज्या खेळात उतरते तोच कामाचा. जिथे पत्त्यांनी भागते तिथे पैसे घालवू नयेत. दुसरी भीती अपघाताची. डोळे झाकणाऱ्या हेडसेटने भोवळ येऊ शकते, शिवाय पायाखालची खरी जमीनही दिसत नाही. मुळात तोल कच्चा असलेल्याला तो घरी एकट्याने लावायला देणे मला धोक्याचे वाटते. पण वर सांगितलेल्या ट्रेडमिलच्या चाचणीत हेडसेट नव्हताच. रुग्ण आधाराच्या पट्ट्यात होता आणि जवळ प्रशिक्षक उभा होता. म्हणून यंत्र आले की माणूस कमी करता येईल, हा हिशेब साफ चुकीचा आहे. अडथळा कधी उंच करायचा आणि रुग्ण दमला हे कधी ओळखायचे, हे फिजिओथेरपिस्टच ठरवू शकतो. जिल्हा रुग्णालयांनी ही सोय जरूर आणावी, पण आधी फिजिओथेरपिस्टची रिकामी पदे भरावीत, मग आधाराचे पट्टे घ्यावेत आणि पडद्याची निविदा त्यानंतर काढावी.