मल्लखांब आणि वैद्यवर्गाचे कर्तव्य

‘मुलाचे अंग भरत नाही, काही ताकदीचे द्या,’ असे म्हणत येणारे पालक आपल्या चिकित्सालयांना व औषधी दुकानांना नवे नाहीत. अश्वगंधा वा च्यवनप्राश देऊन आपण त्यांची बोळवण करतो. परंतु ज्या शास्त्राने रसायन सांगितले, त्यानेच दिनचर्येत व्यायामही सांगितला, तोही मात्रेसह. औषधाची मात्रा आपण काटेकोर लिहितो. व्यायामाची मात्र लिहीत नाही. ही उणीव दूर करण्यास मल्लखांबासारखे एतद्देशीय साधन उपयोगी पडेल.

मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब. जोडीदाराविना कुस्तीच्या पकडी घोटविण्याचे साधन. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येस नवे रूप दिले. जमिनीत पुरलेला सागवानी वा शिसवी खांब वर निमुळता होत जातो व त्याच्या माथ्यावर बोंड असते. टांगता व दोरीचा हे अन्य प्रकार होत. मुलांस लंगोट अथवा आखूड घट्ट चड्डी, मुलींस अंगाबरोबर बसणारा पोशाख, खाली जाड गादी आणि खांबास चोळण्यासाठी एरंडेल, एवढीच सामग्री लागते. घर्षण कमी करणारे हे एरंडेल आपल्याच फडताळात असते.

आता मात्रेविषयी. वाग्भटांनी बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीने अर्ध्या शक्तीने, शीतकाळी व वसंतात व्यायाम करावा, अन्य ऋतूंत तो मंदच ठेवावा, असे म्हटले आहे. श्वास मुखावाटे येऊ लागणे हे अर्धशक्तीचे लक्षण सुश्रुतांनी दिले आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा ऋतुविचार विशेष महत्त्वाचा ठरतो.

वाग्भटांनी बालक, वृद्ध व अजीर्णी यांस व्यायाम वर्ज्य सांगितला, असा आक्षेप येईल. तो रास्तच आहे. म्हणूनच लहानग्यांस खांबावर चढविण्याची घाई नको. वाढत्या वयातील मुलांचा अग्नी, बल व सांधे वैद्याने तपासावेत आणि मगच जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली हलका अभ्यास सुरू व्हावा. पडल्यावर सूज वा तीव्र वेदना असल्यास तेल चोळण्यापूर्वी अस्थिभंग नाही याची खात्री करावी, हेही दुकानदार बंधूंनी ग्राहकास आवर्जून सांगावे.

बलोपासनेचा पुरस्कार करणाऱ्या समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब हे आपल्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. मल्लखांब प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्यामुळे या विद्येकडे लक्षही वेधले गेले आहे. तेव्हा प्रत्येक तालुक्यातील एका शाळेत खांब व गादीसाठी औषधी विक्रेत्यांनी हातभार लावावा आणि विद्यार्थ्यांच्या तपासणीचा भार वैद्यांनी उचलावा. बल्य औषधाच्या चिठ्ठीवर व्यायामाचीही एक ओळ असावी.