पावत्यांचा डबा



जुलै आला की मी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढते. बँकेचा व्याजाचा दाखला, फॉर्म १६ए, मेडिक्लेमची पावती, दानाच्या पावत्या, सगळं त्यातच. यंदा ह्यांच्या रिटर्नची जुळवाजुळव चालली होती. ओळखीचे एक जण म्हणाले, "काकू, दिले पाच हजार, पण पावती पन्नासची करून घेऊ. सांगलीत सगळेच करतात."

मी नाही म्हटलं. घरात दोन दिवस अबोला!

दशलक्षणात सातव्या दिवशी आपण तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय ऐकतो. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख करणं. वाढवलेली पावती दुसरं काय आहे? तीही दानाची!

बी.कॉम. झालेय, म्हणून व्यवहाराचंही सांगते. मंदिरातल्या प्रत्येक बोलीच्या पावतीला ८०जी लागू नसतं. रोख २००० रुपयांच्या वर दिलं तर ती वजावट नाही. नव्या करप्रणालीत तर ८०जी मिळतच नाही. बऱ्याच जणी उगाच पावत्या जपतात. शिवाय ८०जीवाली संस्था दात्यांची यादी ३१ मेपर्यंत खात्याकडे भरते आणि आपल्याला १०बीई प्रमाणपत्र देते. पावती मागण्यापेक्षा ते मागा.

रिटर्नवर सही पुरुषांची असली तरी बहुतेक घरांत पावत्या सांभाळतो आपणच. मग खोटी पावती डब्यात येताना गप्प का बसायचं?

आमचं रिटर्न पाच हजारांवरच गेलं. टॅक्स जास्त बसला. ह्यांनी चलन आणून डब्यात ठेवलं, आणि चहा मागितला.