गुहाक्लबचे वार्तापत्र

गुहेत उतरणाऱ्यांचा क्लब कागदावर एक असतो. प्रत्यक्षात तो लहान लहान तुकड्यांनी चालतो. अरुंद, ओल्या वाटेने एका वेळी चार-सहा जणच नीट जाऊ शकतात. कड्यावरची चढाई पायथ्याच्या माणसाला निदान दिसते, गुहेतली वाटचाल मात्र बाहेरच्या कोणालाच दिसत नाही. एका तुकडीने काय पाहिले, कुठून परत फिरावे लागले, हे त्याच क्लबच्या इतरांना कोणी लिहून सांगितले तरच कळते. गुहाक्लबांच्या वार्तापत्रांचा जन्म या गरजेतून झाला.

ही परंपरा जुनी आहे. एदुआर मार्तेल यांनी 1895 मध्ये पॅरिसमध्ये गुहाशास्त्राची संस्था काढली आणि तिच्याबरोबर ‘स्पेलुंका’ हे नियतकालिकही सुरू केले. इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या मेंडिप टेकड्यांत, चुनखडीच्या खडकात, शेकडो गुहा आहेत. तिथे 1934 मध्ये वेसेक्स केव्ह क्लब आणि 1935 मध्ये ब्रिस्टल एक्स्प्लोरेशन क्लब उभे राहिले. प्रिडी गावाजवळ ब्रिस्टलच्या क्लबची ‘बेलफ्री’ नावाची मुक्कामाची जागा आहे. तिच्याच नावाने 1947 मध्ये ‘बेलफ्री बुलेटिन’ निघू लागले. अमेरिकेत 1941 मध्ये नॅशनल स्पेलिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली. तिच्या स्थानिक शाखांना ‘ग्रोटो’ म्हणतात. संस्थेचे देशव्यापी मासिक असूनही अनेक ग्रोटो आपापली वार्तापत्रे काढत आले, कारण आपल्या परिसरातल्या गुहांची बारीकसारीक खबर देशभराच्या मासिकात मावत नाही.

अशा वार्तापत्राचा गाभा म्हणजे सफरीचा वृत्तांत. कोण गेले, पाणी किती होते, दोर कुठे बांधला, कोणती फट वाऱ्याच्या झुळुकीमुळे आशादायक वाटली, हे त्यात असते. फटीतून वारा येत असेल तर पलीकडे मोकळी जागा असण्याची शक्यता असते, म्हणून दोन ओळींची अशी नोंदही पुढच्या तुकडीला खोदकामाची जागा दाखवू शकते. मेंडिपमध्ये माती आणि दगड उपसून नव्या गुहेपर्यंत पोहोचण्याचे काम वर्षानुवर्षे चालते. खोदणारे हात बदलतात, जुने थांबतात, नवे येतात. आधीच्यांनी काम का सोडले हे लिहिलेले नसेल तर नव्यांचे श्रम त्याच जागी पुन्हा वाया जातात.

जिथे वाट पाण्याखाली जाते तिथे ही नोंद आणखी मोलाची ठरते. मेंडिपमधल्याच स्विल्डन्स होलमधला असा पहिला टप्पा 1936 मध्ये पार झाला. पुढे 1946 मध्ये ब्रिटनमध्ये केव्ह डायव्हिंग ग्रुप स्थापन झाला. या गटाच्या वार्तापत्रात पाणबुड्यांची छोटी टिपणे येतात: खोली किती, गाळ किती, मार्गदर्शक दोर शाबूत आहे की तुटला. ती जागा मोजक्या माणसांनीच पाहिलेली असते. त्यामुळे पुढच्या पाणबुड्याची सुरक्षितता आधीच्याच्या प्रामाणिक लेखनावर अवलंबून असते.

दुसरा विषय प्रवेशाचा. बऱ्याच गुहांची तोंडे खासगी जमिनीत असतात. ब्रिस्टलच्या क्लबने 1953 मध्ये शोधलेल्या सेंट कथबर्ट्स स्वॉलेटमध्ये मान्यताप्राप्त मार्गदर्शकाशिवाय जाता येत नाही. किल्ली कोणाकडे, शेतकऱ्याला कधी विचारायचे, कोणते फाटक बंद ठेवायचे, हे प्रत्येक सदस्याला माहीत हवे. एकाच्या बेफिकिरीने सगळ्यांची वाट बंद होऊ शकते.

तिसरा विषय अपघातांचा. अमेरिकेतली राष्ट्रीय संस्था गुहांतल्या अपघातांचे संकलन वेगळे प्रसिद्ध करते. त्यामागचे तत्त्व प्रत्येक क्लबने आपलेसे करावे असे आहे: दोष कोणाचा यापेक्षा घटना कशी घडत गेली हे सांगायचे. ते वाचून दुसरा कोणी आपला दिवा, दोर आणि परतीची वेळ पुन्हा तपासतो.

गुहा बंद असतात तेव्हा तर वार्तापत्राची खरी कसोटी लागते. 2001 मध्ये ब्रिटनमधल्या जनावरांत लाळ-खुरकुताची साथ पसरली. शेतजमिनींवर जाण्यास बंदी आली आणि त्यांतून गुहांकडे जाणाऱ्या वाटाही थांबल्या. अमेरिकेत वटवाघळांचा बुरशीजन्य रोग 2006 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत प्रथम टिपला गेला. या रोगाने पुढे लाखो वटवाघळे मेली. बुरशी कपड्यांवरून पसरू नये म्हणून साहित्य निर्जंतुक करण्याचे नियम आले आणि अनेक गुहा बंद झाल्या. अशा काळात सहली थांबतात, भेटी तुटतात. जुने वृत्तांत, नकाशे आणि बंदीमागची कारणे छापणारा अंकच तेव्हा माणसांना क्लबशी बांधून ठेवतो.

संपादकाला एक पथ्य कसोशीने पाळावे लागते. नाजूक गुहेचा नेमका ठावठिकाणा छापला की लवणस्तंभ तोडणारेही तिथे पोहोचतात. अमेरिकेच्या 1988 च्या संघीय कायद्याने सरकारी जमिनीवरच्या महत्त्वाच्या गुहांची ठिकाणे गोपनीय ठेवली आहेत. शोधाचा आनंद सगळ्यांना द्यायचा आणि पत्ता राखायचा, हा तोल प्रत्येक अंकात सांभाळावा लागतो.

आज निरोप मोबाइलवर क्षणात जातो. शनिवारची सहल ठरवायला ते साधन उत्तमच. पण दहा वर्षांनी त्यातली नोंद हाती लागणे कठीण. वार्तापत्र छापील असो वा संगणकावरचे, त्याला अंकक्रमांक, तारीख आणि विषयसूची असावी, आणि त्याची प्रत ग्रंथालयात जावी. ब्रिटिश केव्हिंग लायब्ररी असे जुने अंक जपते, म्हणून जुन्या खोदकामांचा माग आजही काढता येतो.

सह्याद्री बेसॉल्टचा. चुनखडी पाण्यात विरघळून जशा लांबलचक गुहा तयार होतात, तशा त्यात होत नाहीत. त्यासाठी मराठी भटक्यांना मेघालयासारख्या प्रदेशात जावे लागते. पण इथल्या गिर्यारोहण संस्थांनाही हीच शिस्त उपयोगी आहे: कोणत्या टाक्यात मार्चनंतर पाणी टिकते, कोणत्या वाटेवर दरड कोसळली, कोणत्या कड्यावरच्या जुन्या मेखा आता भरवशाच्या नाहीत.

शेवटी वार्तापत्र टिकते ते लिहिणाऱ्यांवर. सगळा भार एकट्या संपादकावर पडला की अंक लांबत जातात आणि मग बंद पडतात. म्हणून प्रत्येक सफरीत वृत्तांत कोण लिहिणार हे निघण्याआधीच ठरावे, आणि त्यात नवख्याचीही पाळी यावी. गुडघे थकले म्हणून उतरणे सोडलेल्या ज्येष्ठांकडून जुन्या मोहिमांचे तपशील मागून घ्यावेत. वर्गणी भरणाऱ्या प्रत्येकाला, तो गुहेत जात असो वा नसो, अंक वेळेवर मिळावा. एवढे सांभाळले तर वेगवेगळ्या अंधारात उतरणाऱ्या तुकड्यांचा एक क्लब राहतो.