दिलेला परवाना आणि फिरविलेला शब्द

कॅलिफोर्निया राज्यातील कॅलव्हेरास काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने २०१८ च्या जानेवारीत तीन विरुद्ध दोन मतांनी गांजाच्या व्यापारी शेतीस बंदी केली. या घटनेचा दाखला देऊन एका विद्वान लेखकाने अलीकडे असे प्रतिपादन केले आहे की, मादक वनस्पतीच्या लागवडीस परवाना देणे हेच मुळात पाप, ते पाप स्थानिक संस्थांच्या हाती सोपविणे हा अविवेक, आणि त्या मंडळाने आपली चूक वेळीच दुरुस्त करून दाखविलेल्या नैतिक धैर्याचा कित्ता आपल्या राज्यकर्त्यांनी गिरवावा. परवान्याच्या भरवशावर ज्यांनी पैसा घातला ते व्यसनाचे व्यापारी, तेव्हा त्यांच्या नुकसानीचा शोक कशाला, असाही त्यांचा सवाल आहे. हे वाचून मला संताप आला, आणि तो लपविण्याचे कारण मला दिसत नाही. कारण ज्या कृतीला ते धैर्य म्हणतात ती शासनसंस्थेने केलेली वचनभंगाची कृती होती, मग शेतात गांजा असो की ऊस.

या लेखकांनी जो पूर्वेतिहास अर्ध्या वाक्यात गुंडाळला आहे, तो असा. २०१५ च्या सप्टेंबरात ब्यूट नावाच्या वणव्याने या डोंगराळ मुलखातील सत्तर हजारांहून अधिक एकर क्षेत्र जाळले आणि शेकडो कुटुंबे बेघर केली. त्या उजाड, स्वस्त झालेल्या जमिनींवर गांजा लावणारे लोक मोठ्या संख्येने उतरले, आणि ही लागवड बेबंद वाढण्यापेक्षा दफ्तरी आलेली बरी, अशा विचाराने मंडळाने २०१६ च्या मे महिन्यात तातडीचा नियम करून अर्ज मागविले. दर अर्जामागे फी होती ५,००० डॉलर; अर्ज आले सातशेहून अधिक. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात काउंटीच्या मतदारांनी या शेतीवर कर बसविण्यास मान्यता दिली, उघड्या शेताला चौरस फुटास २ डॉलर या दराने. त्याच निवडणुकीत मंडळही बदलले, आणि नव्या मंडळाने सुमारे चौदा महिन्यांत सारा व्यवहार बेकायदा ठरविला.

आता माझा मुख्य आक्षेप, ज्याला या विद्वानांनी स्पर्शही केलेला नाही. अर्ज करणारा माणूस आपले नाव, आपल्या जमिनीचा नकाशा, पाण्याचा उगम आणि लागवडीचे क्षेत्र स्वतःच्या हाताने लिहून सरकारच्या स्वाधीन करतो. तो तपासणीस दार उघडतो, कर भरतो, आणि आजवर ज्या अमलदाराला पाहून त्याच्या धंद्यातला माणूस रानात पळत असे त्याच अमलदाराला तो आपल्या बांधावर बोलावतो. डोंगराच्या पलीकडल्या घळीत ज्याने एक कागदही केला नाही, ओढा परस्पर अडविला, बंदी असलेली कीटकनाशके ओतली, त्याचे नाव कोणत्याही वहीत नव्हते. बंदीचा हुकूम निघाला तेव्हा तो बजावला गेला कोणावर? ज्यांचे पत्ते सरकारजवळ होते त्यांच्यावर. ज्यांचे अर्ज मंजूर झाले होते त्यांच्यावर, आणि ज्यांच्या अर्जांचा निकालच मंडळाने लावला नव्हता त्यांच्यावरही. चोरट्या लागवडीला हा हुकूम लागू होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती आदल्या दिवशीही बेकायदा होती आणि दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली. शेरीफच्या धाडी पूर्वी पडत होत्या, नंतरही पडत राहिल्या. म्हणजे या नैतिक धैर्याने गांजा उपटला नाही, कायद्याच्या बाजूला येऊन उभे राहण्याची इच्छा मात्र उपटून टाकली. त्यात क्रूर योगायोग असा की, राज्याचे व्यापारी परवाने ज्या जानेवारीत सुरू झाले त्याच जानेवारीत ही बंदी आली. आणि स्थानिक नियमाविरुद्ध राज्याने परवाना देऊ नये असा तिथला कायदा असल्यामुळे, काउंटीने लावलेल्या कडीने राज्याचेही दार बंद झाले. पुढे २०१९ च्या ऑक्टोबरात काउंटीच्या मंडळाने बंदी उठवून मर्यादित लागवडीस पुन्हा मुभा दिली, ही गोष्ट आमच्या लेखकांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. त्यांनी ती वगळली आहे.

मराठी राज्यातली महसुलाची जुनी रीत या ठिकाणी आठवते. लढाईने किंवा दुष्काळाने ओस पडलेल्या गावाची लावणी करावयाची झाली म्हणजे सरकार कुळांना कौल, म्हणजे अभयवचन, देई, इस्ताव्याने सारा हळूहळू चढता ठेवी, आणि त्या कौलावर विसंबून परागंदा झालेला कुणबी बैल घेऊन परत येई. तो कौल मधेच मोडणाऱ्या अंमलदाराच्या मुलखात पुढच्या वर्षी कोण नांगर धरील?

परवाना म्हणजे उत्तेजन, हा या लेखकांचा पहिला मुद्दा. तो वाद तर फार जुना आहे आणि दारूबंदीच्या प्रश्नावर आपण तो कंठशोष होईपर्यंत केला आहे. १८९३-९४ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील भांग-गांजाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने संपूर्ण बंदी आवश्यकही नाही आणि इष्टही नाही असा निष्कर्ष काढला, आणि लागवड परवान्याने बांधून मर्यादित क्षेत्रात आणावी अशी दिशा दाखविली. बंगालमधील नवगावला अशी परवान्याची लागवड होतीच. आपल्या नगर जिल्ह्यातही गांजा पिके. त्या सरकारची नजर अबकारीच्या उत्पन्नावर होती हे मला मान्य आहे, पण हेतू लोभाचा म्हणून निरीक्षण खोटे ठरत नाही.

स्थानिक संस्था लाचखाऊ असतात, हा त्यांचा दुसरा मुद्दा. राजधानीतील कचेऱ्या निर्मळ असल्याचा पुरावा त्यांनी दिलेला नाही. तिसरा मुद्दा व्यसनाचा: व्यसन वाईट आहे, आणि त्यावर माझा त्यांच्याशी वाद नाही.

राहिला प्रश्न हा अधिकार असावा कोणाजवळ. माझे उत्तर आहे, स्थानिक संस्थेजवळच. ओढा आटला तर तो गावाचा आटतो, रस्ता खचला तर तो गावाचा खचतो. कॅलिफोर्नियाच्या जलमंडळाने एप्रिल ते ऑक्टोबर गांजाच्या शेतीसाठी ओढ्यांतून पाणी उचलण्यास मनाई केली आहे, हे योग्यच. पण कोणत्या खोऱ्यात किती शेते सोसतील हे ठरविण्याचे काम त्याच राज्यातील हंबोल्ट काउंटीने २०१८ मध्ये स्वतः केले आणि पाणलोटांप्रमाणे वाटणी करून परवान्यांची कमाल संख्या ३,५०० ठेवली. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाच्या लागवडीविषयीचा अधिकार राज्य शासनाला दिला आहे, ग्रामपंचायतीला त्यात स्थान नाही. तरी दारूच्या दुकानाबाबत ‘आडवी बाटली’ला मत देऊन गावातल्या बायकांनी दुकाने बंद पाडली आहेत, आणि तो अधिकार त्यांना देण्यात महाराष्ट्राने चूक केली असे हे विद्वानही म्हणणार नाहीत. तिथे दुकानदाराला परवाना घेतानाच ठाऊक असते की, अशा मतदानाने आपले दुकान बंद होऊ शकते. कॅलव्हेरासमध्ये फी घेताना अशी अट कोणी वाचून दाखविली होती?

म्हणून माझे म्हणणे इतकेच की, नको म्हणावयाचे तर ते फी घेण्याआधी म्हणावे, आणि तो काउंटीचा पूर्ण अधिकार आहे. हो म्हटल्यावर परवान्याची मुदत, तो रद्द होण्याची कारणे, आणि मंडळाचे मत बदलले तर उभे पीक काढण्यास मिळणारा अवधी व परत मिळणारी फी, हे सारे परवान्याच्या कागदावरच लिहिलेले असावे; आणि ज्याच्या अर्जाचा निकाल लागलेला नाही त्याची फी, त्याने मागण्याची वाट न पाहता, परत करावी.