नोकरी शोधणाऱ्याला बोलू द्या, पण योग्य ठिकाणी

"अरे, तू त्या कंपनीत इंटरव्ह्यू दिलास म्हणे!" मंडळाच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, श्रीखंड वाढून घेता घेता हा प्रश्न मोठ्याने विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते. पण बे एरियातली आपली माणसं त्याच त्या कंपन्यांत आहेत आणि रांगेत चार माणसं मागे, ज्याला विचारलं त्याच्या मॅनेजरचं कुटुंब उभं असू शकतं. सोमवारी ऑफिसात बातमी त्याच्या आधी पोहोचते.

हे किरकोळ नाही. कॅलिफोर्नियात नोकरी 'अ‍ॅट विल' असते. कर्मचारी दुसरीकडे प्रयत्न करतो आहे हे कळल्यावर कंपनीने त्याला काढून टाकलं, तर बहुतेक वेळा कायद्याने दाद मागता येत नाही. एच-वन-बी व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस उरतात, आय-९४ वरची मुक्कामाची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. भाड्याचा करार आणि मुलांची शाळा या दिवसांच्या हिशोबाने चालत नाही. म्हणून शोध चालू असताना गुप्तता हेच त्याचं खरं संरक्षण, आणि ते निम्मं तरी आपल्या तोंडावर अवलंबून आहे.

दुसरीकडे, आपल्यातले अनेक जण नको त्या गोष्टींना घाबरून वर्षानुवर्षं एकाच खुर्चीत अडकून बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. नव्या कंपनीने एच-वन-बीचा अर्ज भरला म्हणून जुन्या कंपनीला सरकारकडून पत्र जात नाही. अर्ज रीतसर दाखल झाला की मंजुरीची वाट न पाहता नव्या ठिकाणी रुजू होता येतं, ही सोय २००० सालच्या कायद्याने दिली. अर्थात तो नामंजूर झाला तर पंचाईत होते, म्हणून मंजुरी हातात आल्यावरच राजीनामा देणं शहाणपणाचं. ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्यांची भीती सगळ्यात मोठी. कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला आय-१४० अर्ज मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील, तर कंपनीने तो मागे घेतला तरी एवढ्या कारणाने रद्द होत नाही, रांगेतली तारीखही शाबूत राहते. नव्या कंपनीला बहुतेक वेळा प्रक्रिया पुन्हा करावी लागते, पण रांगेत शेवटी जाऊन उभं राहावं लागत नाही.

काही कन्सल्टन्सी कंपन्या मुदतीआधी सोडल्यास दंड भरायला लावण्याची धमकी देतात. एच-वन-बीवाल्याकडून असा दंड घ्यायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. करारात नुकसानभरपाईचं कलम असेल तर तो प्रश्न वेगळा, तो कागद वकिलाला दाखवा. स्पर्धक कंपनीत जाणार नाही, असं लिहून घेतलेलं कलम कॅलिफोर्नियात १८७२ पासून जवळजवळ नेहमीच निरर्थक ठरत आलं आहे. मात्र कंपनीचा कोड, ग्राहकांच्या याद्या, फायली बरोबर नेणं हा गुन्हाही ठरू शकतो, तिथे कसलीही सवलत नाही. आणि सध्याचा पगार किती, हे नवा मालक इथे विचारू शकत नाही. २०१८ पासून तशी मनाई आहे. विचारलंच, तर अपेक्षा सांगा, आकडा नाही.

कंपनीच्या लॅपटॉपवरून बायोडेटा पाठवू नका. तो लॅपटॉप त्यांचा आहे आणि त्यावर काय चालतं ते पाहण्याची मुभाही बहुधा त्यांनी करारात घेऊन ठेवलेली असते. लिंक्डइनवर 'फक्त रिक्रूटर्सना दिसेल' हा पर्याय निवडला तरी पूर्ण गुप्ततेची हमी ती साइटही देत नाही. पार्श्वभूमी तपासणीच्या फॉर्मवर 'सध्याच्या कंपनीशी संपर्क साधू का?' असा प्रश्न असतो. ऑफर लेखी हातात येईपर्यंत तिथे 'नाही' लिहा. पगाराच्या पावत्या आणि आय-७९७ मंजुरीपत्राच्या प्रती घरी ठेवा, ऑफिसचा मेल बंद झाला की त्या मागत बसावं लागतं.

मंडळापुरतं सांगायचं तर, सभासदांचे बायोडेटा यापुढे व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नयेत, अशी कार्यकारिणीची विनंती आहे. ज्यांना मदत हवी त्यांनी सचिवांना खासगीत कळवावं. संबंधित कंपनीत कुणी सभासद असेल, तर अर्जदाराची परवानगी घेऊनच नाव पुढे जाईल. आणि कुणाच्या नोकरीविषयी काही कानावर आलं, तर पंगतीत विचारू नका. त्यालाच फोन करा.